गादीच्या कारखान्यातून करून घेतलेला सुती लोड

योगासनांसाठी लोड घेणार असाल तर आधी त्यावर तळहात ठेवून जोर द्या. हात आत रुतला तर तो लोड घेऊ नका, त्याचा अभ्रा कितीही सुंदर असो.

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. रात्रपाळी संपवून, हँडओव्हर देऊन घरी येते तेव्हा पाय भरून आलेले असतात, पण डोकं टक्क जागं असतं. मॉनिटरचे आवाज कानातून जात नाहीत. अशा वेळी थेट पलंगावर पडलं की मी नुसती कूस बदलत राहते. आमच्या क्लासच्या बाई अय्यंगार पद्धतीने शिकवतात. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात त्या लोड, ब्लँकेटं, खुर्च्या मांडून फक्त विश्रांतीची आसनं घेतात. एकेका आसनात पाच-दहा मिनिटं, काहींत त्याहून जास्त वेळ, काहीही न करता राहायचं. ते घरी करता यावं म्हणून लोड हवा होता.

सुरुवातीला ऑनलाइन मागवलेला लोड आला तो फायबर भरलेला. दिसायला टुमटुमीत, उचलायला हलका. काही आठवड्यांतच छातीखाली त्याला खळगा पडला. छाती खाली गेली की हनुवटी वर उचलली जाते, मान ताणते आणि डोळे मिटले तरी डोकं शांत होत नाही. आपला भार खालून कुणीतरी पुरता पेलला आहे याची खात्री पटल्याशिवाय पाठीचे स्नायू सैल सोडत नाहीत. कमरेच्या दुखण्याच्या पेशंटला उशी लावताना मी हे रोज बघते.

मग पेठेतल्या एका गादीच्या कारखान्यात गेले. तिथल्या काकांनी पहिला प्रश्न विचारला, "टेकायला पाहिजे की पाठीखाली घ्यायला?" पाठीखाली म्हटल्यावर त्यांनी बैठकीचा तयार लोड दाखवलाच नाही. नवा कापूस पिंजून घेतला, मांजरपाटाच्या खोळीत थोडा थोडा भरत काठीने ठासत गेले. लांबी दोन फूट, घेर २८ इंच, वजन साडेतीन-चार किलो. अभ्र्यासह १,२०० रुपयांच्या आत पडला. अभ्र्याला मी चेन लावू दिली नाही, टोकाला नाडी करून घेतली. चेन पाठीला टोचते, आणि स्थिर पडून राहायचं असतं तेव्हा एवढंसं टोचणंही पुरतं.

सुप्त बद्धकोनासनात या लोडाचा खरा कस लागतो. लोड जमिनीवर पाठीच्या कण्याच्या दिशेने लांब ठेवायचा, त्याच्या टोकाला कंबर टेकवून जमिनीवर बसायचं आणि पाठ त्यावर सोडायची. डोक्याखाली ब्लँकेटची घडी अशी हवी की कपाळ हनुवटीपेक्षा किंचित वर राहील. तळपाय जुळवून पट्टा कमरेमागून, मांड्यांच्या आतून पावलांभोवती घ्यायचा. गुडघे अधांतरी लोंबत असतील तर मांड्यांखालीही घड्या द्या, नाहीतर जांघा ओढत राहतात. हा लोड इतका घट्ट आहे की बरगड्या दोन्ही बाजूंना आपोआप उघडतात आणि श्वास मुद्दाम घ्यावा लागत नाही. माझा श्वास लांबतो तो साधारण चौथ्या-पाचव्या मिनिटाला. त्याआधी उठणाऱ्यांना "काही वाटलं नाही" असं वाटतं, म्हणून घड्याळ लावून पडा.

विपरीत करणीत, म्हणजे कंबर लोडावर ठेवून पाय भिंतीवर टाकायच्या आसनात, लोड भिंतीला समांतर, भिंतीपासून चार बोटं लांब ठेवायचा. बारा तास उभं राहून सुजलेल्या पायांना यासारखा दुसरा उपाय मला माहीत नाही. नुसते पाय भिंतीवर टाकले तरी बरं वाटतं, पण कंबर लोडावर उचलली की पोट मऊ होतं आणि डोकं निवतं. उठताना झटकन उठायचं नाही. गुडघे दुमडून मागे सरकायचं, कुशीवर वळायचं, मग बसायचं. काचबिंदू, डोळ्याच्या पडद्याचा त्रास किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर हे आसन डॉक्टरांना आणि शिक्षकांना विचारल्याशिवाय करू नका. पाळीच्या दिवसांत आमच्या बाई ते करू देत नाहीत, तेव्हा सुप्त बद्धकोनासनच करायला सांगतात.

मला मनापासून अभिमान वाटतो तो याचा की ही सगळी रीत आपल्या पुण्यात घडली. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली गुरूंच्या सांगण्यावरून इथे शिकवायला आले आणि २०१४ साली जाईपर्यंत इथेच राहिले. लाकडी विटा, दोर, खुर्च्या, लोड अशा साध्या वस्तूंचा आधार देऊन आजारी आणि थकलेल्या माणसालाही आसनात राहता येईल, हे त्यांनी माणसं हाताळत शोधून काढलं. मॉडेल कॉलनीतली त्यांची रमामणी संस्था १९७५ साली सुरू झाली. त्यांच्याकडे शिकलेल्या ज्युडिथ लासाटर यांनी अमेरिकेत हीच विश्रांतीची आसनं 'रिस्टोरेटिव्ह योग' म्हणून घरोघरी नेली. आज तिकडून महागडे संच इकडे विकायला येतात, तेव्हा आपल्या गल्लीतला गादीवाला आठवावा असं मला फार वाटतं.

बाकी सामानावर जास्त खर्च करायची गरज नाही. दोन जाड सुती ब्लँकेटं हवीतच. एक घडीसाठी, एक अंगावर घ्यायला, कारण स्थिर पडलं की अंग गार पडतं आणि थंडी वाजली की विश्रांती संपली. डोळ्यांसाठी वेगळी उशी मी घेतली नाही. डोक्याभोवती आणि डोळ्यांवरून क्रेप बँडेज गुंडाळतात ते मला जास्त मानवतं. मात्र ते ताणून बांधू नका. टोक खोचायचं, पिन लावायची नाही, आणि कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढायच्या.

सुती लोडाच्या उणिवाही सांगते. तो जड आहे. माझ्या सासूबाईंना एकटीने हलवता येत नाही, म्हणून शिंप्याकडून बाजूला कापडी पट्टा शिवून घेतला. पावसाळ्यात कापूस ओल धरतो, ऊन पडलं की गच्चीत टाकावाच लागतो. वापराने तो थोडा चपटा होतो, त्यामुळे दर वेळी बाजू बदलून घ्या. फारच बसला तर खोळ उसवून कापूस पुन्हा पिंजून मिळतो, आणि फायबरच्या लोडाचं तसं काही करता येत नाही.

माझ्या वॉर्डातल्या दोघींनी तिथूनच लोड करून घेतले. एकीची उंची पाच फुटांच्या आत आहे, २८ इंच घेरावर तिची कंबर दुखायला लागली. काकांनी तिचा घेर २४ इंचांवर आणून दिला. तेव्हा माप सांगण्याआधी क्लासमधल्या लोडावर पडून बघा, कंबरेत टोचलं तर घेर कमी सांगा, आणि काम पावसाळ्यापूर्वी उरकून घ्या.