रोमन शेड की झालर? कोकणातल्या खिडकीसाठी

रत्नागिरी-मालवणकडे घरी पडदे शिवायचे, तर आधी खाऱ्या हवेचा विचार करावा. रोमन शेड म्हणजे दोरी ओढली की सपाट घड्या घालत वर जाणारा पडदा. तो दिसतो देखणा, पण मापाला फार काटेकोर. जुन्या चिऱ्याच्या घरांत चौकटी क्वचितच काटकोनात असतात. म्हणून रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजा, सर्वांत कमी माप धरा आणि त्यातूनही सेंटिमीटरभर वजा करा. नेफ्यात लोखंडी सळी नकोच. गंज कापडावर उतरतो आणि तो डाग सहजासहजी जात नाही. फायबरची सळी आणि प्लॅस्टिकच्या कड्या घ्या. सुती कापड शिवण्याआधी धुऊन आटवा. पावसाळ्यात शेड दिवसचे दिवस वर ओढून ठेवली, तर घड्यांत बुरशी धरते, विशेषतः अस्तर जाड असेल तर. घरात लहान मूल असेल, तर दोरी लोंबती ठेवू नका, उंचावर खुंटीला गुंडाळा.

झालर, म्हणजे खिडकीच्या वरच्या भागापुरता आखूड चुणीदार पडदा, मात्र सोपी. खिडकीच्या दुप्पट रुंदीचं कापड, वर नेफा, चुण्या आपोआप पडतात. काढून धुवायलाही वेळ लागत नाही. पण ती ऊन अडवत नाही. पश्चिमेच्या खिडकीला तिचा उपयोग शोभेपुरताच.

झडपा आत उघडत असतील, तर चौकटीच्या आत बसवलेली शेड आड येते. तिथे मी झालरच शिवेन. समुद्राकडच्या, आत न उघडणाऱ्या खिडकीला मात्र बिनअस्तराची शेड, आणि तीही सहज निघेल अशी वेलक्रोवर लावलेली.