हिंगण्याची चारा-प्रेस : लसूणघास जेबेल अलीला पाठवतानाचा अनुभव

नागपूरजवळच्या कळमेश्वरकडच्या आमच्या चौदा शेतकऱ्यांच्या गटाने या हिवाळ्यात पहिल्यांदाच लसूणघास वाळवून दुबईच्या जेबेल अली बंदराला पाठवला. गाठी दाबून कंटेनर भरायचं काम हिंगणा एमआयडीसीतल्या एका प्रेसला, म्हणजे चाऱ्याच्या गाठी यंत्राने घट्ट दाबणाऱ्या कारखान्याला, दिलं होतं. आपल्याकडे हे करणारे थोडे, म्हणून सविस्तर लिहिते.

बोटीचं भाडं कंटेनरमागे लागतं. शेतात गाठी बांधणाऱ्या बेलर यंत्राच्या साध्या गाठींनी ४० फुटी कंटेनर दहा-बारा टनांतच गच्च होतो. त्याच गाठी पुन्हा दाबल्या की वीस टनांच्या वर माल बसतो. प्रेसचा खर्च तिथेच निघतो.

पहिली गाडी घेऊन गेलो तर सुपरवायझर एकेका गाठीत मीटरची सळई खुपसून ओल बघत होता. बारा टक्क्यांच्या आत असेल तरच पुढे. आमच्या ३१ गाठी सोळा-सतरा दाखवत होत्या. "काकू, ह्या आज दाबत नाही जी. याइले दोन दिवस ऊन लागू द्या." मला राग आला, गाडीभाडं दुप्पट होणार होतं. तेव्हा त्याने कोपऱ्यातली कुणाची तरी फोडलेली गाठ दाखवली आणि आत हात घालायला सांगितलं. वरून कोरडी, आत गरम, मधोमध पांढरी बुरशी. असल्या चाऱ्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असलं, तर दुभत्या गायीच्या पोटातून ते दुधात उतरतं. शिवाय समुद्रावर रात्री गारवा पडला की कंटेनरच्या छताला घाम सुटतो आणि तो गाठींवरच ठिबकतो. म्हणून प्रेसवाले ओल शोषणाऱ्या पिशव्या आत टांगतात. मी गाठी परत नेल्या.

त्याच सुपरवायझर पोराने आणखी एक गोष्ट शिकवली, ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. लसूणघासातली प्रथिनं मुख्यतः पाल्यात. आम्ही भर दुपारी घास उलटवत होतो, वाळलेला पाला झडून मातीत जात होता आणि गाठीत नुसत्या काड्या राहत होत्या. दव असताना पहाटे उलटवा, म्हणाला. दुसऱ्या कापणीच्या गाठी फोडल्या तर हिरव्यागार, पाल्यासकट.

कागदपत्रं प्रेस करत नाही. तो एजंट वेगळा होता आणि त्याने आम्हाला त्रास दिला. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटच्या, म्हणजे मालात कीड-रोग नसल्याच्या सरकारी दाखल्याच्या, अर्जात नुसतं 'वाळलेलं गवत' लिहिलं, मेडिकागो सटायव्हा हे शास्त्रीय नाव घातलंच नाही. दुरुस्ती होईपर्यंत कंटेनर चार दिवस डेपोत पडून. बिलावर १२१४ हा एचएस कोड (निर्यातीत मालाचा प्रकार सांगणारा क्रमांक) आणि अर्जावर शास्त्रीय नाव, दोन्ही स्वतः वाचून मगच सही करा.

प्रेसच्याही दोन गोष्टी खटकल्या. फोनवर सांगितलेल्या दरात हमाली धरलेली नव्हती. आणि थांबलेल्या गाड्यांना शेड नाही. आभाळ भरून आलं तेव्हा आमचा जीव टांगणीला लागला होता.

गावात विचारतात, आपल्याच गुरांना चारा पुरत नाही आणि तुम्ही बाहेर का पाठवता? प्रश्न खरा आहे. भूजल आटत चाललं म्हणून सौदीने मोठ्या शेतांवरचा हिरवा चारा बंद करायला घेतला. तिथल्या अल्मराई या डेअरी कंपनीने तर २०१४ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनात चाऱ्यासाठी जमीन घेतली. म्हणजे चाऱ्याबरोबर आपलं पाणीच बाहेर जातं. म्हणून दोन एकरांच्या वर कुणी लसूणघास लावायचा नाही आणि एप्रिलनंतरची प्रत्येक कापणी गावातच विकायची, असं गटात ठरवलं आहे. कुटार आणि कडबा तर बाहेर जाणारच नाही.

मार्चच्या कापणीसाठी याच प्रेसची वेळ घेतली आहे. हमालीसकट दर लिहून घेतला. ताडपत्री आमची आम्ही नेणार.