आयदा छावणीतली पायी फेरी: जरूर करा

बेथलेहेमला गेलात तर आयदा या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावणीची ही पायी फेरी चुकवू नका. माहिती सांगणारा तरुण छावणीतच वाढलेला. त्याचे आजोबा 1948 च्या अरब-इस्रायल युद्धात अज्जूर हे आपलं गाव सोडून निघाले. छावणी 1950 ची, पण तंबू आता कुठेच नाहीत. मजल्यावर मजले चढवलेली काँक्रीटची घरं, कारण माणसं वाढली आणि जागा तेवढीच राहिली. खेटून उभी इस्रायलची आठ मीटर उंच भिंत.

सगळ्यात मोलाचं म्हणजे त्यानं निर्वासितांचा दर्जा नीट उलगडून सांगितला. यूएनआरडब्ल्यूए या पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेकडे सुमारे 59 लाख लोकांची नोंद आहे आणि ती वडिलांकडून मुलांकडे जाते. जॉर्डनमध्ये बहुतेकांना नागरिकत्व मिळालं. लेबनॉनमध्ये मात्र घर विकत घेता येत नाही, कित्येक व्यवसायही बंद. एकाच गावचे दोन भाऊ, पण कोण कुठली सीमा ओलांडून गेला यावर पोराबाळांचं आयुष्य ठरलं. हे ऐकताना मला फार राग आला.

तक्रार एकच: गट मोठा होता, आणि काहीजण न विचारता मुलांचे फोटो काढत होते. आयोजकांनी सुरुवातीलाच बजावायला हवं. जाण्यापूर्वी निर्वासितांच्या घरी परतण्याबद्दलचा संयुक्त राष्ट्रांचा ठराव 194 वाचा. त्याबद्दलचे प्रश्न नेमके विचारता येतील.