‘शुद्ध मेरिनो’चं किट आणि माझे गेलेले साडेचार हजार: विणकाम नव्याने शिकणाऱ्यांनी जरूर वाचा

विणकाम किंवा क्रोशे शिकायचं म्हणून इन्स्टाग्रामवर दिसणारं एखादं ‘बिगिनर किट’ मागवायच्या विचारात असाल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. माझे यात साडेचार हजार रुपये गेले. पैसे गेल्याचं वाईट वाटतंच, पण त्याहून जास्त संताप दुसऱ्या गोष्टीचा आहे. नव्याने शिकणाऱ्या बाईला बिघडलेलं काम आपल्या हातामुळे बिघडलं की मालामुळे, हे सांगता येत नाही. या लोकांचा सगळा धंदा त्यावर चालतो.

बहिणीला बाळ होणार होतं. आजी होती तोवर घरातल्या प्रत्येक बाळाचं टोपडं आणि मोजे तिच्या हातचे असायचे. ती गेल्यापासून विणणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून या वेळी मी शिकायचं ठरवलं. शोधाशोध सुरू केली आणि फोनवर त्याच त्या जाहिराती यायला लागल्या. त्यातली एक मराठीत होती. २,९९९ रुपयांत ‘१०० टक्के शुद्ध मेरिनो’चे (मेरिनो जातीच्या मेंढीच्या मऊ लोकरीचे) सहा गुंडे, विणायच्या सुया, क्रोशाची सुई, मराठी पुस्तिका, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मार्गदर्शन, आणि वर ‘शिकून झालं की तुमच्या वस्तू आम्हीच विकत घेऊ’. जाहिरातीत क्रोशाचा एक राखाडी हत्ती होता, इतका गोड की कुणीही थांबून बघेल.

त्या हत्तीचा फोटो नंतर मोठा करून नीट पाहिला तेव्हा तो कुणी विणलेलाच नाही हे कळलं. क्रोशाच्या खेळण्यावर प्रत्येक टाका सुटा दिसतो आणि टाक्यांच्या फेऱ्या डोक्याच्या मध्यापासून गोल गोल खाली येतात. कुठूनही सुरुवात करा, त्या मोजता येतात. या हत्तीच्या कपाळावर फेऱ्या होत्या, गालापाशी त्या विरून गेल्या होत्या आणि सोंडेवर एकदम दोन सुयांच्या विणीसारखी उभी वीण होती. शेजारी विणणाऱ्या बाईचे हात होते. तिच्या सुईवरून निघालेला धागा गुंड्यापर्यंत पोहोचतच नव्हता, मध्येच संपत होता. फोटो एआयने बनवलेला होता. क्रोशाच्या खेळण्याचा फोटो दिसला की आधी मोठा करून फेऱ्या मोजायचा प्रयत्न करा. मोजता आल्या नाहीत तर पुढचं काहीही वाचू नका.

पार्सल आलं. गुंड्यांवर सुंदर कागदी पट्टी होती, त्यावर ‘मेरिनो’ आणि मेंढीचं चित्र. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, किंमत नाही, महिना-वर्ष नाही, तक्रारीसाठी फोन नंबर नाही. आपल्याकडे बंद पाकिटातून विकल्या जाणाऱ्या मालावर हे सगळं छापणं कायद्याने बंधनकारक आहे. लॉट नंबरही, म्हणजे धागा कोणत्या खेपेत रंगवला त्याचा नंबरही, नव्हता. एकाच रंगाचे दोन गुंडे वेगवेगळ्या लॉटचे असले तर रंगात फरक पडतो आणि तो अर्ध्या टोपड्यावर आल्यावर दिसतो. पट्टीवर ५० ग्रॅम लिहिलं होतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकही गुंडा ४० ग्रॅमच्या वर भरला नाही.

आता पुस्तिकेबद्दल, कारण खरी मेख तिथे होती. हत्तीच्या डोक्याची सुरुवात बरोबर होती. पहिल्या फेरीत रिंगमध्ये ६ मुके खांब (क्रोशाचा साधा, आखूड टाका). दुसरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे १२. तिसरीत एक साधा, एका टाक्यात दोन, असं सहा वेळा, म्हणजे १८. चौथ्या फेरीत लिहिलं होतं: ‘दोन साधे, एका टाक्यात दोन, असं शेवटपर्यंत. एकूण २०.’ पाचवीत एकूण २८. मी फेरी पूर्ण करायचे, मोजायचे, चार टाके जास्त भरायचे, उसवायचे आणि पुन्हा घालायचे. कधी मुद्दाम टाके गाळून २० करायचे, मग पाचवी फेरी जमायची नाही आणि डोकं एका बाजूला फुगायचं. उसवून उसवून धागा पिंजला गेला.

टोपड्याची तीच कथा. पुस्तिकेत ‘८ नंबरच्या सुया’ लिहिलं होतं आणि किटमधल्या सुयांवरही ८ होतं. विणलं तर टोपड्यातून बोट आरपार जायचं. सुयांच्या सांध्यावर धागा अडकायचा ते वेगळंच.

ग्रुपवर विचारलं. तिथल्या मॅडमचं उत्तर लगेच आलं, ‘ताई, हा पॅटर्न हजारो जणींनी केलाय. तुमचा हात अजून बसलेला नाही.’ टोपड्याबद्दल विचारलं तर, ‘हात फार सैल आहे.’ ग्रुपमध्ये दुसरी कुणी चौथ्या फेरीचं विचारलं की तिलाही हेच. एकीला आकडा दुसरीशी ताडून बघता येऊ नये म्हणून असेल, थोड्या वेळाने तो प्रश्नच ग्रुपमधून काढून टाकलेला असायचा. दोन-चार दिवस असेच गेले की निरोप यायचा, ‘हात बसवण्यासाठी आमचा खास कोर्स आहे, आज भरलात तर फक्त १,५००.’ मी भरले. यूट्यूबवर फुकट मिळणारे दुसऱ्यांचे व्हिडिओ नाव कापून पाठवले गेले.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काकू राहतात. आयुष्यभर विणत आल्या आहेत, हल्ली डोळ्यांमुळे कमी झालंय. मी सगळं घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी हत्तीकडे पाहिलंसुद्धा नाही. गुंडा हातात घेतला, अंगठा आणि तर्जनीत धागा चोळला आणि म्हणाल्या, “ही लोकर कुणी सांगितली तुला?”

मग स्वयंपाकघरात ताटलीत थोडं पाणी घेऊन बसल्या. खिडकी उघडायला लावली. धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून त्याला काडी लावली. धागा आकसला, वितळला, भराभर पेटत वर गेला आणि टोकाला काळा, टणक मणी झाला, नखाने दाबूनही न फुटणारा. वास जळक्या प्लास्टिकसारखा. मग त्यांनी कपाटातून एक जुना स्वेटर काढला, शिवणीतला सुटलेला धागा कापला आणि तोच प्रयोग केला. तो धागा धुमसला, काडी लांब नेताच विझला, केस जळल्यासारखा वास आला आणि उरलेली राख चिमटीत भुगा होऊन गेली. लोकर म्हणजे मेंढीचे केसच, त्यामुळे जळताना ती केसांसारखीच वागते. सुती धागा कागदासारखा जळतो, हेही त्यांनी दाखवलं. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा एकत्र येतात, तेव्हा यावरून टक्केवारी सांगता येत नाही. पण नुसता काळा मणी उरला, केसांचा वास अजिबात आला नाही, तर त्यात लोकर नाही. घरी करून पाहायचं असेल तर धातूचा चिमटा आणि पाणी घेऊनच करा, लहान मुलांना लांब ठेवा. वितळता थेंब कातडीला चिकटतो. बाळाच्या अंगावर घालायच्या कपड्याच्या धाग्यातून तो थेंब ताटलीत पडताना पाहिला, तेव्हा पहिल्यांदा मला या लोकांची भीती वाटली.

अ‍ॅक्रिलिक, म्हणजे असा वितळणारा कृत्रिम धागा, वाईट असतं असं मी म्हणत नाही. आपल्याकडच्या दुकानांत ‘लोकर’ म्हणून मिळतो तो धागा बहुतेक अ‍ॅक्रिलिकच असतो. स्वस्त असतो, धुवायला सोपा असतो, शिकायला उत्तम असतो, आणि चांगल्या कंपन्या पट्टीवर तसं स्पष्ट छापतात. पण अशा स्वस्त मालावर मेंढीचं चित्र लावून तो मेरिनोच्या भावाने विकणं ही चोरी आहे. मेरिनो मुख्यतः ऑस्ट्रेलियातून येते आणि महाग असते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ, तिची घोंगडी होते. इतकी मऊ, इतक्या रंगांत आणि इतकी स्वस्त ‘शुद्ध लोकर’ कुठून येणार?

मग काकूंनी पुस्तिका मागितली आणि पेन्सिल घेतली. “अठरा टाके. तिनाचे सहा गट. प्रत्येक गटात एक वाढतो, म्हणजे चोविसच होणार. हे वीस आले कुठून?” पाचव्या फेरीत ३० हवेत, सहावीत ३६. सपाट गोल वाढवताना दर फेरीला सहा टाके वाढतात, एवढं एक गणित माहीत असलं की पुस्तिका पैसे भरण्याआधी तपासता येते. सुयांचंही तसंच. आपल्याकडे जुन्या हिशोबाने ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर आणि नंबर वाढेल तशी सुई बारीक होत जाते. किटमधल्या सुया ८ मिलिमीटरच्या होत्या, म्हणजे दुप्पट जाड.

“तुझ्या हाताला काहीएक झालेलं नाही,” काकू म्हणाल्या. मला रडू आलं. किती दिवस मी स्वतःला ठोंबी समजत होते, आणि त्या ग्रुपमधल्या कितीतरी जणी आजही समजत असतील.

पुढची पायरी त्यांनी ‘काम’ म्हणून ठेवली आहे. घरबसल्या टोपड्या विणायच्या, नगाला अमुक पैसे, त्यासाठी ३,००० रुपये ‘परत मिळणारं डिपॉझिट’. मी ते भरलं नाही. पण मराठवाड्यातल्या एका ताईंनी मला वेगळा मेसेज करून सांगितलं की त्यांनी भिशीचे पैसे यात घातले. विणून पाठवलेल्या सगळ्या टोपड्या ‘फिनिशिंग नाही’ म्हणून नापास झाल्या, टोपड्या परत आल्या नाहीत, डिपॉझिटही नाही. मागायला लागल्यावर त्यांना क्यूआर कोड पाठवून ‘स्कॅन करा, पैसे येतील’ असं सांगितलं. त्यांच्या मुलाने वेळीच अडवलं म्हणून बरं. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार.

मी ग्रुपवर ६, १२, १८, २४ एवढंच लिहिलं आणि पुस्तिकेचा फोटो टाकला. मला काढून टाकण्यात आलं. सुदैवाने त्याआधी काकूंच्या नातवाने ग्रुपमधली सगळी चॅट एक्स्पोर्ट करून ठेवली होती. तुम्हीही भांडण्याआधी ते करा. जाहिरातीचा, पेजचा, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट, व्यवहाराचा यूटीआर नंबर, पट्टीचा आणि काट्यावरच्या वजनाचा फोटो, सगळं एका जागी ठेवा.

मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवली. इथे घाई महत्त्वाची असते, कारण पैसे समोरच्या खात्यात असेपर्यंतच ते गोठवता येतात. मालाच्या फसवणुकीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर केली. वजन कमी भरल्याची तक्रार वैधमापन खात्याकडे करता येते, तीही केली. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, पण त्यासाठी विक्रेत्याचा पत्ता हवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विकणाऱ्याने आपलं नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव देणं बंधनकारक आहे. या पेजवर फक्त एक मोबाइल नंबर होता. माझे पैसे अजून परत आलेले नाहीत.

टोपडं मात्र झालं. काकूंनी मला रविवार पेठेतल्या दुकानातून पट्टीवर सगळं छापलेली बेबी वूल आणि १० नंबरच्या सुया आणायला लावल्या, शेजारी बसवून टाके घालायला शिकवलं. आधी नुसत्या सुलट सुयांचा, म्हणजे सुलट टाक्यांच्या ओळींचा, चौकोन विणून घेतला, तो मोजायला लावला, मगच टोपड्याला हात लावू दिला. किटच्या निम्म्यासुद्धा पैशांत सगळं भागलं.

ते पेज बंद झालंय. गेल्या आठवड्यात तोच हत्ती नव्या नावाच्या पेजवर दिसला, किंमत आता ३,४९९, पुस्तिकेची दोन पानं नमुना म्हणून दिलेली, आणि चौथ्या फेरीत तेच २०. तुम्हाला दिसला तर पेज रिपोर्ट करा. पैसे भरले असतील तर आजच १९३० ला फोन लावा. आणि त्या हत्तीचं डोकं वाकडं होत असेल तर ते उसवत बसू नका.