रिपोर्टात फोटो : आरटीएफ की डॉकएक्स?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीसाठी कास्टिंग तपासणीचे रिपोर्ट प्रोग्रॅममधून काढायचे, तर दोषाचा फोटो फाइलच्या आतच हवा. नुसती लिंक दिली की गिऱ्हाइकाच्या मशीनवर फोटोच्या जागी रिकामी चौकट दिसते.

आरटीएफ (.rtf) ही वर्डमध्ये उघडणारी फाइल, पण आतून साधा मजकूर. त्यात 'पिक्ट' गट उघडायचा, चित्र पीएनजी की जेपेग ते सांगायचं आणि फाइलचा एकेक बाइट हेक्साडेसिमलमध्ये (0 ते 9 आणि A ते F) लिहीत जायचं. लायब्ररी (तयार कोड) लागत नाही. कितीही जुन्या भाषेतून जमतं, आणि हे मला मनापासून आवडतं. पण एका बाइटला दोन अक्षरं लागतात, म्हणजे 300 केबीचा फोटो 600 केबी होतो. तोच शिक्का चाळीस ठिकाणी हवा असेल तर चाळीसदा लिहा! माप ट्विप या एककात द्यायचं. 1 इंच म्हणजे 1440, त्यामुळे 3 इंच रुंदीला 4320. उंची त्याच प्रमाणात काढली नाही तर गोल फ्लँज (पाइप जोडायची कडा) अंडाकृती दिसतो, आणि तपासणीच्या कागदावर हे चालणार नाही.

डॉकएक्स (वर्डची .docx फाइल) ही मुळात झिप फाइल. चित्र मीडिया फोल्डरमध्ये एकदाच, मूळ रूपात. मजकुरात फक्त त्याचा आयडी. हाताने लिहायला मात्र किचकट. रिलेशनशिपची (कोणता आयडी कोणत्या चित्राचा याची) एक नोंद चुकली की वर्ड कुरकुरतं. पायथन-डॉकएक्ससारखी लायब्ररी घ्या, ती हे सगळं सांभाळते.

फोटो भरपूर असतील तर माझं मत सरळ डॉकएक्सला. जुन्या सॉफ्टवेअरमधून एखाददुसरा फोटो पाठवायचा असेल, तर आरटीएफ पुरे.