ओबीएस की कॅमटेशिया?

सॉफ्टवेअर शिकवणारे व्हिडिओ करायचेत, पण स्क्रीन रेकॉर्ड करायला ओबीएस स्टुडिओ घ्यावं की कॅमटेशिया, इथेच अनेकांचं घोडं अडतं.

पैशांचा प्रश्न लगेच मिटतो: ओबीएस फुकट आणि मुक्तस्रोत (ओपन सोर्स), लिनक्सवरही चालतं. कॅमटेशियाच्या डेस्कटॉप आवृत्तीला पैसे मोजावे लागतात, आणि ती फक्त विंडोज आणि मॅकवर चालते.

खरा फरक रेकॉर्डिंग संपल्यावर कळतो. ओबीएसमध्ये एडिटर नाहीच. चुकलेलं वाक्य कापायचं तरी दुसरं सॉफ्टवेअर उघडा. कॅमटेशियात एडिटर आतच असतो. शिवाय ते माउसचा कर्सर वेगळा साठवतं, त्यामुळे तो नंतर मोठा करता येतो, क्लिक ठळक दाखवता येतं. बारीकशा मेनूवर झूमही करता येतं. शिकणाऱ्याची नजर तिथेच तर न्यायची असते!

सुरुवातीला ओबीएस डोकं खातं: सीन (पडद्यावरची मांडणी), सोर्स (त्यात दिसणारी स्क्रीन, कॅमेरा वगैरे), आवाजाची पातळी, सगळं आपणच लावायचं. माइक आणि कॉम्प्युटरचा आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घेता येतो, हे मात्र झकास.

सलग तासाभराचं लेक्चर टिपायचं असेल किंवा एडिटिंग आधीच येत असेल, तर ओबीएस पुरे. छोटे धडे एकट्यानेच करायचे आणि शिकवत असलेल्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की दुरुस्तही करायचे, तर कॅमटेशियाचे पैसे वसूल होतात.