ताडोबाची पहाटेची सफारी : दारावरची शिस्त उत्तम, वळणावरची अजून कच्ची

पाणवठे आटत आल्यामुळे वाघ दिसण्याची शक्यता वाढते आणि म्हणूनच आरक्षण मिळणे अवघड होते, अशा एप्रिलमध्ये आम्ही ताडोबाच्या मोहर्ली दरवाजातून पहाटेची एक फेरी केली. दारावर मूळ ओळखपत्रे आणि आरक्षणातील नावे ताडून पाहण्यात आली. एका जिप्सीत सहा पर्यटक, चालक आणि स्थानिक गाइड, याहून अधिक कोणी नाही. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या संरक्षित गाभ्यात, मोबाइल वापरायचा नाही.

ही कडक शिस्त अनेकांना जाचक वाटते, मला वाटली नाही. ताडोबा 1955 पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि 1995 पासून व्याघ्र प्रकल्प. सुमारे 1,727 चौरस किलोमीटरपैकी कोअर साधारण 625 चौरस किलोमीटरच आहे. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधील पर्यटन काही महिने थांबवले होते. त्यानंतर आलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोअरच्या वीस टक्क्यांपेक्षा अधिक भाग पर्यटनाला देता येत नाही. प्रत्येक दरवाजातून प्रत्येक फेरीला ठरावीकच गाड्या आत जातात, आणि त्याचा परिणाम आत शिरल्यावर लगेच जाणवतो. रस्त्याकडेचे गोंडकालीन दगडी खांब मागे पडले, सांबराचा धोक्याचा इशारा ऐकू आला म्हणून चालकाने गाडी बंद केली, आणि पुढची दहा मिनिटे दुसऱ्या इंजिनाचा आवाजसुद्धा आला नाही. बांबूच्या वाळक्या पानांवर काहीतरी सरकत होते, तेवढेच. वाघ निघाला नाही. त्या दहा मिनिटांसाठी मी पुन्हा पैसे मोजेन.

नंतर एका पाणवठ्यापाशी वाघीण दिसली, तेव्हा सात गाड्या जमल्या होत्या. आमच्या गाइडने, कोणी न सांगता, गाडी मागे घ्यायला लावली. प्राण्यापासून वीस मीटरपेक्षा अधिक आणि दोन गाड्यांमध्ये पन्नास मीटर अंतर असावे, असा नियम आहे. तो पाळला जाणे मात्र अशा एकेका गाइडच्या धीरावर अवलंबून राहते. काही वर्षांपूर्वी विदर्भातल्याच दुसऱ्या एका जंगलात आमच्याच गाडीतील एका गृहस्थांच्या फोटोच्या हट्टापायी चालकाने वाघिणीची वाट अडवली होती, आणि आम्ही बाकीचे गप्प बसलो होतो. दारावर गाड्या मोजल्या, तरी वाघाची बातमी लागताच त्या सगळ्या एकाच वळणावर पोचणार असतील, तर मोजणीचा निम्मा उपयोग तिथेच संपतो. रणथंबोरमध्ये गाडीला विभाग नेमून दिलेला असतो. त्या पद्धतीतही पर्यटकांच्या तक्रारी असतात, तरी गर्दी विखुरण्यासाठी ती मला अधिक पटते.

कोअरची तिकिटे संपली की लोक बफरकडे, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्याकडे, वळतात. गावांना त्यातून रोजगार मिळतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तिथेही वाघ आहेत, आणि गाड्यांच्या मर्यादेकडे तितक्याच काटेकोरपणे पाहायला हवे.

मंगळवारी उद्यान बंद असते आणि जुलै ते सप्टेंबर कोअरही बंद राहते, हे तारखा ठरवताना लक्षात ठेवावे. शक्य असल्यास नोव्हेंबरातील शनिवार-रविवार सोडून एखादा दिवस निवडावा. तेव्हा गवत उंच असते, वाघ सहजी दिसत नाही, आणि त्यामुळे तुमच्या गाडीमागे कोणी येत नाही.